बूट मऊ असावा की मापाचा?

फजरनंतर मोहल्ल्यातून फिरायला निघणाऱ्यांच्या पायांकडे जरा पाहा. काही वर्षांपूर्वी तिथे साध्या चपला नाहीतर कॅनव्हासचे बूट असायचे. आता जागोजागी जाड, फुगीर तळाचे बूट दिसतात. बुरख्याखालून दिसतात, कुर्ता-पायजम्याखालून दिसतात. कुणी ते शहरातल्या दुकानातून आणलेले असतात, कुणाला दुबईहून किंवा मस्कतहून मुलाने पाठवलेले असतात. दुकानदार त्यांना ‘मॅक्स कुशन’ म्हणतात, म्हणजे तळाला जास्तीत जास्त गादी असलेले बूट. ते मुळात धावणाऱ्यांसाठी तयार झाले. आपल्याकडे मात्र ते चालणाऱ्यांच्या आणि टाच दुखणाऱ्यांच्या पायात आले आहेत.

हे बूट स्वस्त नाहीत. नामांकित कंपन्यांच्या वरच्या दर्जाच्या जोडीला दहा हजारांहून जास्त रुपये मोजावे लागतात. एवढ्या पैशात घरातल्या एका मुलाची वर्षाची वह्या-पुस्तके येतात. म्हणून घेण्याआधी विचार करायला हवा. आमच्या घरी हा विचार एकदम तीन माणसांसाठी करावा लागला. अम्मींची टाच दुखते. सकाळी पलंगावरून उतरल्यावरची पहिली पावले त्यांना सर्वांत जड जातात. अब्बांना बरीच वर्षे मधुमेह आहे. आणि भाचा पोलीस भरतीची तयारी करतो. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. तिघांचे पाय वेगळे, गरज वेगळी. तिघांना घेऊन आम्ही दुकाने फिरलो, एकापाठोपाठ एक जोड्या घालून पाहिल्या आणि या विषयावर जे वाचता आले ते वाचले. त्यातून जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

हा जाड तळ आला कुठून?

२००९ साली दोन उलट गोष्टी एकाच वेळी घडल्या. अमेरिकेत ख्रिस्तोफर मॅकडुगल यांचे ‘बॉर्न टू रन’ हे पुस्तक आले. मेक्सिकोच्या डोंगरदऱ्यांत पातळ चपला घालून मैलोन्मैल धावणाऱ्या रारामुरी लोकांची गोष्ट त्यात होती. ते वाचून हजारो लोक पातळ तळाच्या बुटांकडे वळले. काहींनी तर बूटच सोडले. त्याच वर्षी फ्रान्समधल्या आनसी या डोंगराळ भागातल्या गावात निकोला मेर्मू आणि ज्याँ-लुक दियार या दोघांनी ‘होका’ ही कंपनी सुरू केली. त्यांना डोंगर उतरताना वेगाने धावता येईल असा बूट हवा होता. उतारावर प्रत्येक पावलाला गुडघ्या-मांड्यांना हादरा बसतो. तो कमी व्हावा म्हणून त्यांनी तळ खूप जाड केला. सुरुवातीला लोक त्या बुटांना हसले. पुढे पातळ तळाची लाट ओसरली आणि बाकीच्या कंपन्याही तळ जाड करू लागल्या.

तळ इतके वाढले की जागतिक अॅथलेटिक्स संघटनेला २०२० साली नियम करावा लागला: रस्त्यावरच्या शर्यतीत तळाची जाडी ४० मिलिमीटरपेक्षा जास्त चालणार नाही. २०२१ च्या व्हिएन्ना मॅरेथॉनमध्ये इथिओपियाचा देरारा हुरिसा पहिला आला. पण त्याच्या बुटाचा तळ ५० मिलिमीटर भरला आणि त्याचे विजेतेपद गेले. रोजच्या फिरण्याला हा नियम लागू नाही. म्हणून आज दुकानात ४० मिलिमीटरहून जाड तळाचे बूटही मिळतात.

गादीत असते काय?

ही गादी म्हणजे फेस. प्लॅस्टिकच्या जातीच्या पदार्थात हवेचे बारीक बुडबुडे अडकवून तो बनवतात. सर्वांत जुना आणि सर्रास वापरला जाणारा प्रकार म्हणजे ईव्हीए; आपल्या हलक्या स्लीपरही त्याच्याच असतात. २०१३ मध्ये आदिदासने ‘बूस्ट’ नावाने टीपीयूच्या मण्यांचा तळ आणला. तो जड असतो, पण जास्त उसळी देतो. त्यानंतर पेबा हा हलका आणि आणखी उसळणारा फेस आला. तो मुख्यतः शर्यतीच्या महागड्या बुटांत असतो.

दुकानात आपण सगळे एकच परीक्षा करतो: अंगठ्याने तळ दाबून पाहतो. ही परीक्षा फसवी आहे. अंगठ्याचा दाब तो किती! चालताना एका पायावर साऱ्या शरीराचे वजन येते, त्याहून थोडे जास्तच. धावताना हा भार वजनाच्या दुप्पट-तिप्पट होतो. त्यामुळे एकच बूट ४८ किलोच्या मुलीला कडक वाटतो आणि ८५ किलोच्या माणसाला मऊ. फार मऊ फेस जड माणसाखाली पूर्ण दबला की पुढे दबायला जागाच उरत नाही. मग पाय कडक फळीवर आपटल्यासारखा लागतो. म्हणून शेजारणीला बूट मऊ लागला एवढ्यावरून तो आपल्यालाही मऊ लागेल असे नाही.

दुसरी समजून घेण्याची गोष्ट म्हणजे उतार. टाचेखालची जाडी आणि चवड्याखालची जाडी यांतल्या फरकाला दुकानदार ‘ड्रॉप’ म्हणतात. तो जास्त असेल तर टाच उंच राहते आणि पोटरीला व टाचेमागच्या शिरेला ताण कमी पडतो. तो कमी असेल तर पाय जवळजवळ सपाट राहतो आणि पोटरीला जास्त काम पडते. तळ जाड म्हणजे टाच उंच, असे समजू नये. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पायात घातल्यावर फरक कसा जाणवतो?

सगळे बूट बाहेरून जाडच दिसतात. घातल्यावर मात्र प्रत्येकाचा स्वभाव वेगळा निघतो.

होकाच्या ‘बाँडी’ची घडण होडीसारखी आहे. तळाच्या कडा वर उचललेल्या असल्याने पाय गादीच्या वर न बसता गादीत बसतो. टाच आणि चवडा यांत फरक जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा. पुढचे टोक वर वळलेले आहे. त्यामुळे बूट बोटांपाशी फारसा वाकत नाही. पाऊल टाचेवरून पुढे घरंगळते. अंगठ्याचा सांधा दुखणाऱ्यांना हे बरे वाटते. इतका जाड तळ पाहून तो लिबलिबीत असेल असे वाटते, पण तळ रुंद असल्याने पाय बराच स्थिर राहतो.

असिक्स ही जपानची कंपनी, १९४९ साली कोबे शहरात सुरू झालेली. तिच्या ‘जेल-निंबस’मध्ये टाचेखाली फेसाबरोबर जेलही असते. टाच आणि चवड्यातला फरक आठ मिलिमीटरच्या आसपास. टाच टेकताना हा बूट मऊ लागतो. साध्या बुटांची सवय असलेल्याला तो पहिल्या दिवसापासून ओळखीचा वाटतो, कारण पोटरीला नवे काही शिकावे लागत नाही.

न्यू बॅलन्सच्या ‘फ्रेश फोम मोअर’चा तळ फार जाड आणि फार रुंद, उतार कमी. या कंपनीची खरी सोय म्हणजे रुंदी. तिचे कितीतरी बूट एकाच लांबीत दोन-तीन रुंदींचे बनतात. पुरुषांत डी म्हणजे नेहमीची, २ई रुंद आणि ४ई अति रुंद. बायकांत बी नेहमीची आणि डी रुंद. आयुष्यभर चपला वापरलेल्या आपल्या माणसांचे चवडे पसरलेले असतात. त्यांना या अक्षरांचा मोठा उपयोग होतो. दुकानात रुंद माप मांडलेले नसते, मागून घ्यावे लागते.

स्केचर्सच्या ‘मॅक्स कुशनिंग’ या नावाच्या बुटांत तळ जाड असतोच. शिवाय काही नमुने हात न लावता पाय सरकवून घालता येतात. ज्यांना खाली वाकता येत नाही त्यांना हे सोयीचे.

एक लक्षात ठेवावे. कंपन्या दर वर्षा-दोन वर्षांनी त्याच नावाचा नवा नमुना काढतात आणि जाडी, रुंदी, मऊपणा बदलतात. नावापुढचा आकडा बदलला की बूट पुन्हा पायात घालूनच पाहावा.

जाड तळ दुखापत टाळतो का?

याचे सरळ ‘हो’ असे उत्तर नाही. २०१८ साली फिनलंडच्या संशोधकांनी १२ धावपटूंना साधा बूट आणि जाड तळाचा बूट घालून धावायला लावले. जाड तळात हादरा कमी होईल अशी अपेक्षा होती. वेगाने धावताना तो उलट जास्त भरला. मऊ तळावर पाय आपोआप ताठ होतो, हे त्याचे कारण. लग्झेंबर्गमध्ये मात्र ८४८ धावणाऱ्यांना दिसायला सारखे, पण तळ मऊ किंवा कडक असलेले बूट देऊन सहा महिने नोंदी ठेवल्या. कडक तळवाल्यांत दुखापतीचा धोका सुमारे दीडपट निघाला. हे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

दोन्ही अभ्यास एकत्र वाचले तर एवढे कळते की थोडा मऊपणा उपयोगी आहे, पण जाडी वाढवत गेलो की फायदाही तितकाच वाढत जातो असे नाही. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे बेन्नो निग यांनी आयुष्य याच अभ्यासात घालवले. जो बूट पायाला आरामाचा वाटतो तो निवडावा, शरीर स्वतःच चांगली निवड करते, असे त्यांचे मत आहे. हे मत आम्हाला पटते, पण त्याला एक मोठा अपवाद आहे. तो अब्बांच्या निमित्ताने सांगतो.

तीन पाय, तीन निर्णय

दुकानातल्या मुलाने अम्मींना सर्वांत मऊ जोडी घातली. अम्मी खूश झाल्या. “बेटा, हे तर गादीवर उभे राहिल्यासारखे आहे,” म्हणाल्या. मग आम्ही त्यांना दुकानातच दहा पावले चालून वळायला सांगितले. वळताना त्यांनी पटकन काउंटरला हात लावला. वयस्कर माणसासाठी हीच खरी परीक्षा आहे. टाच सुखावली पण तोल गेला, तर तो सौदा महाग पडतो. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले की माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळतो. त्यांना शेवटी घेतला तो थोडा कमी मऊ, रुंद तळाचा आणि टाच घट्ट धरणारा बूट. टाच फक्त बुटाने बरी होत नाही. डॉक्टरांनी सांगितलेला पोटरीचा आणि तळपायाचा व्यायाम त्या रोज करतात. घरातल्या फरशीवरही अनवाणी न फिरता मऊ चप्पल घालतात.

अब्बांना तर प्रत्येक बूट ‘ठीक आहे’ वाटत होता. मधुमेहात धोका इथेच असतो. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहाने तळपायाची जाणीव मंदावते. चावणारा बूट चावतो आहे हेच कळत नाही, फोड येतो, तो चिघळतो, आणि मग बोट किंवा पाऊल वाचवण्याची वेळ येते. अशा माणसाने आरामाच्या जाणिवेवर विसंबू नये, मापावर विसंबावे. अब्बांचा पाय कागदावर काढून मोजला तेव्हा समजले की ते वर्षानुवर्षे एक नंबर लहान आणि बराच अरुंद बूट वापरत होते. त्यांना रुंद मापाचा, आत शिवण न टोचणारा बूट घेतला, तोही डॉक्टरांना पाय दाखवून. जखम असेल, बोटे वाकडी असतील किंवा पाय अगदी बधिर असेल, तर दुकानातला कोणताही बूट पुरेसा नसतो. डॉक्टर सांगतील तो खास बूट घ्यावा. अशा घरांत दोन सवयी लावाव्यात. बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा, काटा आहे का पाहावे. आणि वुजूच्या वेळी पाय धुताना तळवा आणि बोटांच्या फटी नीट पाहाव्यात, नंतर फटी कोरड्या पुसाव्यात. दिवसात पाच वेळा पाय डोळ्यांखालून जातो. त्याचा फायदा घ्यावा.

भाच्याला मित्रांचे पाहून सर्वांत जाड बूट हवे होते. पण १६०० मीटर म्हणजे काही मिनिटांची जोरदार धाव. तिथे जाड तळाचे वजन आड येते आणि मातीच्या मैदानावर वळताना उंच तळ डुलतो. त्याला मध्यम जाडीचा, हलका बूट योग्य ठरला, आणि तो स्वस्तही पडला. रोज डांबरी रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर सावकाश धावणाऱ्याला मात्र जाड तळ उपयोगी पडू शकतो.

माप घेण्याची रीत

दिवसभरात पाय थोडा सुजतो, म्हणून माप संध्याकाळी घ्यावे. भिंतीला टाच लावून कागदावर उभे राहावे, बसून माप घेऊ नये. सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी आणि चवड्याची सर्वांत जास्त रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहावी. दोन्ही पाय मोजावेत. मोठा पाय जो असेल त्याचे माप धरावे. काहींचे दुसरे बोट अंगठ्याहून लांब असते, तेही पाहावे.

परदेशातून बूट मागवताना ‘आठ नंबर’ एवढेच फोनवर सांगू नये. आपल्याकडे बहुधा यूके नंबर चालतो, अमेरिकी नंबर वेगळा. एका कंपनीचा अमेरिकी ९ म्हणजे यूके ८, तर दुसरीचा साडेआठ. बायकांच्या बुटांवरचा अमेरिकी आकडा पुरुषांच्या आकड्याहून साधारण दीडने मोठा असतो. म्हणून मुलाला कागदावरच्या मापाचा फोटो पाठवावा. बुटाच्या जिभेवरच्या चिठ्ठीत सेंटिमीटरचाही आकडा असतो. तो आपल्या मापाशी ताडून पाहायला सांगावे.

दुकानात नेहमीचे मोजे घालून जावे आणि दोन्ही बूट घालावेत. उभे राहिल्यावर लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरावी. चवड्याला दोन्ही बाजूंनी दाब नसावा. चालताना टाच वर सरकू नये. सरकत असेल तर लेस शेवटच्या भोकातून ओवून पाहावी. मग बूट टेबलावर ठेवून मागून पाहावा. तो एका बाजूला कललेला नसावा. ‘वापरून सैल होईल’ या आश्वासनावर बूट घेऊ नये. फेस थोडा दबतो, पण लांबी वाढत नाही.

मशिदीचे दार आणि उमऱ्याची तयारी

धावपटू दिवसात एकदा बूट घालतो. आपली माणसे फजरला चालत मशिदीत जातात, तिथे बूट काढतात, परत घालतात. लेस न सोडता टाच दाबून पाय घुसवला की मागचा कडक भाग मोडतो आणि टाच धरून ठेवणेच बंद होते. मग कितीही महाग गादी असली तरी बूट चपलेसारखा फटफटतो. घरात छोटा शूहॉर्न ठेवावा किंवा सरकवून घालण्याचा बूट घ्यावा.

उमऱ्याला किंवा हजला जाणाऱ्यांसाठीही हे बूट आवर्जून घेतले जातात. पुरुषांना इहराममध्ये पाय झाकणारा बूट चालत नाही. त्यांनी मापाची, पट्ट्यांची मऊ चप्पल आधीच पाहून ठेवावी. बायकांना बूट-मोजे चालतात. सफा-मरवाच्या सात फेऱ्यांतच सुमारे तीन किलोमीटर चालणे होते. मिना, अरफात, मुझदलिफा यांचे चालणे निराळे. जे काही घालणार असाल ते निदान महिनाभर आधी घेऊन रोज त्यात चालावे. कोरा बूट घेऊन विमानात बसू नये.

किती दिवस टिकतो?

साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर गादीचा जीव जातो, असे धावणाऱ्यांच्या जगात धरतात. महिन्यातले २६ दिवस रोज तीन किलोमीटर चालले तर महिन्याला ७८ किलोमीटर होतात. या हिशेबाने जोडी सहा ते दहा महिने चालते. हलक्या वजनाच्या चालणाऱ्याची त्याहून जास्त. वरून बूट नवा दिसतो, पण तळाला आडव्या सुरकुत्या पडल्या, एक बाजू जास्त झिजली किंवा जुने दुखणे परत आले, तर गादी संपली असे समजावे. बूट वॉशिंग मशीनमध्ये, गरम पाण्यात धुऊ नये. कडक उन्हात, चुलीजवळ वाळवू नये. उष्णतेने फेस आणि डिंक दोन्ही खराब होतात. आतली गादी काढून, वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवावा. पावसाळ्यात तळाखालचे रबर पाहावे. नुसता फेस उघडा असलेला तळ डांबरी रस्त्यावर लवकर झिजतो.

या जुम्म्याला संध्याकाळी घरातल्या सगळ्यांचे पाय कागदावर काढा. नाव, तारीख, लांबी आणि रुंदी लिहून तो कागद कपाटात रेशनकार्डाशेजारी ठेवा. मुलांचे माप दर तीन-चार महिन्यांनी बदलते, बुजुर्गांचेही वर्षांनुसार बदलते. हा कागद हातात घेऊन दुकानात गेलात तर दुकानदार बूट किती मऊ आहे हे सांगण्याआधी तुम्हीच त्याला विचाराल, “या मापाचा आणि या रुंदीचा आहे का?” असला तर घालून पाहा, वळून पाहा. नसला तर सलाम करून पुढच्या दुकानात जा.